छाट

कोर्टात मला एकच गोष्ट लगेच कळली, अंबादास,
ती म्हणजे छाट.
हजार विड्या वळून नेल्या की चेकर सुपात बोटं फिरवतो:
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड नीट मिटलं नाही,
आणि आपण उभ्या उभ्या बघायचं
हजाराचे साडेनऊशे कसे होतात ते.

तिथेही तसंच.
फक्त सुपात तू होतास.

हंचाटे वकील म्हणाले, पंधरा हजार पगार सांगू.
विमा कंपनीचे वकील म्हणाले, पावती दाखवा.
शनिवारी रोख हातात पडते,
टॉवेलच्या कारखान्यात पावती कुणी मागितलीय?
शेठ साक्षीला आले. पाणी प्यायले. म्हणाले,
येमूल आमच्याकडे कधी कधी यायचा.

एकोणीस वर्षं. रात्रपाळी.
कधी कधी.

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला आणि दहा हजार धरले.
पुढे वाढला असता म्हणून वर पंचवीस टक्के;
जिवंतपणी कुणी वाढवला नाही तो पगार
कागदावर एका ओळीत वाढला.
वय एक्केचाळीस, म्हणून गुणक चौदा.
चाळिशीत गेले असते तर पंधरा धरला असता, हंचाटे हळूच म्हणाले,
जणू तूच जरा उशीर केलास.

मग चौथा हिस्सा वजा:
मयताचा स्वतःवरचा खर्च.
म्हटलं, कसला खर्च?
अहो, जेवले असते, चहा प्यायले असते, कपडे लागले असते.
मी बाकावर बसून बोटं मोडली.
दोन कडक भाकरी, मूठभर शेंगाचटणी,
पाळी सुटल्यावर अक्कलकोट रोडच्या टपरीवर अर्धा चहा,
दिवाळीचा शर्ट, तोही गेल्या वर्षी नको म्हणालास.
चौथ्या हिश्श्याएवढा
तू कधी जगलासच नाहीस रे.

आणि टँकर मागून आला,
पण तुझ्या सायकलीला मागे लाल दिवा नव्हता.
त्याचे वीस टक्के.

तुझी डायरी मीच दिली होती वकिलांकडे, पगाराचा पुरावा म्हणून.
दोऱ्याच्या डब्यात सापडलेली,
आता तिच्यावर शिक्का आहे: निशाणी सत्तावीस.
दर शनिवारी तुझ्या तिरक्या अक्षरात
पगार, किराणा, भिशी, आईच्या गोळ्या,
आणि सगळ्यांत खाली
पु. – वीस रुपये.

ही पु. कोण? विमावाल्यांनी विचारलं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी म्हटलं, माहीत नाही साहेब.
आधीची सगळी उत्तरं मला पढवलेली होती,
हे एक माझं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, पुण्य असेल, देवळात टाकत असेल.
रेणू म्हणाली, पुरीभाजी.
मी काहीच बोलले नाही.
आमच्या कारखान्यात एक पुष्पा आहे,
तुझ्या दहाव्याला जरा जास्तच रडली होती.

नवऱ्याचा सहवास गमावल्याचे चाळीस हजार मिळाले.
त्यात भांडण धरलंय का, विचारायचं राहिलं.
शनिवारी रात्री तुझ्या खिशात हात घालून,
सांग, कुठे गेले वीस,
असं म्हणायचं, आणि तू तेलुगूत काहीतरी पुटपुटत
कूस बदलायचीस, त्याचे किती?

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.
मुलांचे बँकेत बांधले, अठरा पुरी होईपर्यंत.
डायरीसाठी वेगळा अर्ज केलाय.
खिडकीतला कारकून म्हणतो, अपिलाची मुदत जाऊ दे, मग या.

तोवर मी पानं कापते, वळते, कट्टे बांधते,
पंचविसाचा एक.
पण आजकाल विसावर आले की
हात थांबतो,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.
चेकर म्हणाला, नागमणी,
या आठवड्यात तुझी छाट फार निघाली.